जगात मंदी येते तेव्हा आपल्या वावरात नेमकं काय येतं?

धुऱ्यावरून (केळापूर तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा टीव्हीवर चर्चा चालू होती, अमेरिकेत मंदी येणार की नाही. बाबा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "तिकडं मंदी आली तं आपल्याले काय फरक पडते? आपण कुठं नोकरीवर हाओत?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकलो. फरक पडतो हे मला पक्कं ठाऊक आहे, पण तो कुठून शिरतो हे सरळ सांगता येईना.

आधी माझा अनुभव सांगतो. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, आठवत असेल. त्या वर्षी आम्ही डिसेंबरातच विकून मोकळे झालो होतो, आणि उन्हाळ्यात भाव बारा हजाराच्या पुढे गेल्याचं ऐकून हात चोळत बसलो. म्हणून पुढच्या हंगामात ठरवलं, यंदा घाई नाही. खेडा खरेदीवाला दारात साडेआठ हजार देत होता, त्याला परत पाठवलं. ४२ क्विंटल कापूस समोरच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरला. आई स्वयंपाकघरात झोपायला लागली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, भाव खालीच. ऊन तापलं तशी घरात सगळ्यांना खाज सुटली. मुलीच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलं, रात्रभर खाजवायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, औषधानं काही होणार नाही, आधी कापूस घराबाहेर काढा. शेवटी जून उजाडला, कृषी केंद्रवाला म्हणाला मागची उधारी चुकवल्याशिवाय बियाण्याचं पाकीट देत नाही, तेव्हा सात हजाराच्या आतबाहेर दिला. वाळून वजन घटलं होतं. काट्यावर ४२ चे ३९ भरले.

आता माझं म्हणणं. मला मंदीनं मारलं असं मी म्हणत नाही. मला आदल्या वर्षीच्या तेजीनं मारलं. तेजीच्या वर्षी आमच्या शिवारात मक्त्याचा (दुसऱ्याचं वावर वाहायला घेण्याचा) भाव चढला, सालदाराचं साल (वर्षावर ठेवलेल्या गड्याचा पगार) चढलं, वेचाई (कापूस वेचायची मजुरी) चढली, दोघा-तिघांनी हप्त्यावर ट्रॅक्टर घेतले, मी स्वतः बोअर मारला. पुढच्या वर्षी भाव उतरला. यातलं काहीच उतरलं नाही.

मागे वळून पाहिलं तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. लोकांनी ज्वारीची वावरं पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाखाली घातली. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईतले शेअर बुडाले ते पुस्तकात सापडतं. पण त्या तेजीत शेतकऱ्यावर चढलेलं सावकाराचं कर्ज तिथेच राहिलं. पुणे-नगरकडे १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागच्या कारणांत हेही होतं. १९९५ च्या सुमारास जगात कापसाचा भाव पौंडाला एक डॉलरच्या वर होता, २००१ मध्ये चाळीस सेंटच्या खाली आला. २०११ च्या मार्चमध्ये दोन डॉलरच्या वर गेला आणि वर्ष सरता सरता एक डॉलरच्या खाली उतरला. आणि मग आपलं २०२२.

ज्यांनी कापूस घरात ठेवला होता त्यांनी लिहावं. जाणकारांनी माझं चुकत असेल तिथे टोकावं.


कास्तकार७२ (दारव्हा)

भाऊ, खाज आमच्याबी घरी व्हती. आमी त कापूस गोठ्यात टाकला आन् बैल बाहीर बांधले. तुमी म्हनता ते खरं हाय, पन मले येक सांगा, तेजीत बोअर नाई मारावं त कवा मारावं? पैसा येते तवाच मानूस कामं काढते. पोरीचं लगनबी तवाच. दरवर्षी थोडा थोडा पैसा आला असता त दरवर्षी थोडी थोडी कामं केली असती.


मास्तर (वर्धा)

कास्तकारभाऊंनी शेवटच्या वाक्यात जे सांगितलं त्यालाच आम्ही वर्गात अस्थिरता म्हणतो, आणि ते शिकवायला मला दोन तास लागतात.

बाबांच्या प्रश्नाकडे येतो. मंदी म्हणजे काय यापासून सुरुवात करू. एखाद्या देशाचं उत्पादन लागोपाठ दोन तिमाह्या घटलं की त्याला मंदी म्हणायची ढोबळ पद्धत आहे. जगाच्या मंदीला वेगळं माप लावतात. जगाचं एकूण उत्पन्न भागिले माणसं, हा आकडा वर्षभरात घटला तर जागतिक मंदी. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पाच वर्षं धरतात: १९७५, १९८२, १९९१, २००९ आणि २०२०.

भारताची यादी याच्याशी जुळत नाही. आपलं उत्पादन घटलं ते १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० मध्ये. बहुतेक वेळा कारण आभाळात होतं. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून देशच खाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं अजून तुमच्या गावात असतील. आपल्या राज्याची रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली. पुढे शेतीचा वाटा कमी होत गेला, देश नुसत्या पावसानं पडेनासा झाला. २०२० ला पडला तो महामारीनं आणि टाळेबंदीनं.

त्या वर्षीचा एक आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटलं. त्याच तिमाहीत शेती ३.४ टक्क्यांनी वाढली. सगळीकडे बातम्या आल्या, शेतीनं देशाला तारलं. आणि त्याच तिमाहीत माझ्या मोठ्या भावाच्या घरी ३० क्विंटल कापूस पडून होता. सरकारी खरेदी टाळेबंदीत थांबली होती, हमीभाव ५,५५० होता आणि व्यापारी चार हजारावर बोलत होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? कारण वाढीचा तो आकडा स्थिर किमतींवर काढतात. पिकलं किती हे त्यात येतं, कितीला गेलं हे येत नाही. कारखान्याला मंदी आली की तो उत्पादन कमी करतो, माणसं काढतो, आणि ते आकड्यात लगेच उतरतं. शेतकरी पऱ्हाटी अर्ध्यावर थांबवू शकत नाही. जगाची मागणी घटली तरी बोंड फुटणारच. म्हणून आपल्याकडे मंदी उत्पादनात दिसत नाही, ती सगळी भावात उतरते. बाबांना एवढंच सांगा: नोकरदाराची नोकरी जाते, आपला भाव जातो.


धुऱ्यावरून

मास्तर, हे वाक्य रात्रीच बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "नोकरी गेली त दुसरी पाहाता येते, वावर कुठं सोडून जाता." बराच वेळ बोलत होते, एकाधिकार खरेदीच्या (सगळा कापूस सरकारलाच विकायचा, त्या) काळातल्या चुकाऱ्याच्या, म्हणजे मालाचे पैसे मिळण्याच्या गोष्टी निघाल्या. कोणीतरी त्यावरही लिहा.


जिनिंगवाला (हिंगणघाट)

मी वीस वर्षं जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात) हिशेबाला आहे. न्यूयॉर्कचा भाव तुमच्या बंडीपर्यंत कसा येतो ते एकदा कागदावर मांडून दाखवतो. प्रत्येक कास्तकारानं हे स्वतः करून पाहावं, मग व्यापारी काय बोलतो ते कळतं.

एक क्विंटल कापूस जिनला लावला की साधारण ३४ किलो रुई (नुसता धागा) आणि ६४ किलोच्या आसपास सरकी (बी) निघते, बाकी घट. समजा बाहेर रुई पौंडाला ८० सेंट आहे आणि डॉलर ८३ रुपये. एका किलोत २.२ पौंड, म्हणजे रुई किलोला साधारण १४६ रुपये. खंडी ३५६ किलोची, तर खंडीचा भाव ५२ हजाराच्या घरात. ३४ किलोचे झाले ४,९७० च्या आसपास. सरकी ३० रुपयांनी धरली तर १,९२०. दोन्ही मिळून ६,८९०. यातून जिनिंगचा खर्च, गाठ बांधणी, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा गेला की उरलेला तुमचा भाव.

आता बाहेर पाच सेंट पडले. पाच सेंट म्हणजे टीव्हीवाल्याच्या लेखी काहीच नाही. तुमच्या क्विंटलमागे ते ३१० रुपये होतात. डॉलर एक रुपयानं चढला तर उलट ६० रुपये वाढतात. म्हणजे रुपया पडणं कापसाला चांगलं, पण तोच रुपया खत आणि डिझेलमधून परत घेऊन जातो.

आणि सरकी विसरू नका. लोक रुईचाच भाव बघतात. सरकीची ढेप जनावराला जाते, तेल खाद्यतेलात जातं. पामतेल स्वस्त झालं की सरकीचा भाव तुटतो, आणि रुई जागेवर असूनही कापसाचा भाव दोनशे-तीनशेनं उतरतो. तेव्हा लोक आमच्यावर चिडतात. काही जण चिडण्यासारखं वागतातही, ते नाकारत नाही.

कापडाचं एक वैशिष्ट्य आहे. मंदीत माणूस ज्वारी-गहू कमी खात नाही, पण सदरा वर्षभर जास्त वापरतो. अमेरिका-युरोपात लोकांनी कपडे घेणं जरा लांबवलं की मोठी दुकानं ऑर्डर कापतात, बांगलादेश-तिरुपूरचे कारखाने सूत कमी उचलतात, सूतगिरणी गाठी कमी घेते, आणि सगळ्यात शेवटी आमचा मालक मला सांगतो, उद्यापासून दोनशे कमी बोल. बाकी सगळ्यांना कळून चुकल्यावर तुम्हाला कळतं.


बचतगटाची ताई (आर्णी)

सगळे प्रतिसाद वाचले. धुऱ्यावरून दादांच्या एका वाक्याला माझी हरकत आहे, ती आधी नोंदवते. वेचाई चढली आणि उतरली नाही, असं तुम्ही नुकसानीच्या यादीत घातलंत. मी ज्या बायांबरोबर काम करते त्या सकाळी सातला ओटी बांधून पऱ्हाटीत उतरतात. दवानं लुगडं भिजतं, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात. किलोला दहा रुपये धरले तर दिवसभरात चाळीस-पन्नास किलो वेचून चार-पाचशे. तेवढे मिळायलाही तेजी यावी लागली. भाव पडल्यावर वेचाई पूर्वीइतकी करा असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. तेल, साखर, गॅस यातलं त्यांच्यासाठी काय उतरलं?

दुसरी गोष्ट. मंदी आमच्याकडे भावातून येते हे बरोबर, पण घरात ती बाईच्या अंगावरून जाते. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूच्या हातात पाटल्या होत्या आणि गळ्यात एकदाणी. जगभर मोठी मंदी आली तेव्हा कापूस-ज्वारीचे भाव निम्म्यावर आले, पण सरकारचा शेतसारा आणि सावकाराचं व्याज तेवढंच राहिलं. १९३१ मध्ये इंग्लंडनं सोन्याचा आधार सोडला, सोन्याला भाव चढला, आणि आपल्या देशातून गावागावातलं सोनं मोडून बाहेर गेलं. त्यात त्या पाटल्याही गेल्या. आजेसासूबाई म्हणायच्या, सोनार दारात येऊन बसला होता, आणि पाटल्या हातातून निघेनात म्हणून खोबरेल लावून काढल्या. इतिहासात त्याला सोन्याची निर्यात म्हणतात, देशाला त्या काळात त्याचा आधारही झाला म्हणे. आमच्या घरात त्यानंतर तीन पिढ्या पाटल्या झाल्या नाहीत.

आता पाटल्यांच्या जागी मायक्रोफायनान्सचा आठवडी हप्ता आहे. गट पाच जणींचा, एकीनं चुकवला की चौघींनी भरायचा. कापूस जूनपर्यंत घरात ठेवायला नवऱ्याला धीर असतो, कारण हप्ता बायको भरत असते, शेळी विकून नाहीतर दुसऱ्या गटातून उचलून. दादा, तुमच्या घरी तसं झालं असं मी म्हणत नाही. पण २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या आठ गटांपैकी सहा गटांत हे झालं, आणि ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.


धुऱ्यावरून

ताई, हरकत मान्य. वेचाई त्या यादीतून काढली असं समजा. आणि दुसरं, तुम्ही म्हणालात तसं नाही झालं म्हणून सुटलो असं वाटलं होतं, म्हणून काल बायकोला विचारलं. तिनं त्या उन्हाळ्यात तिच्या माहेरून आठ हजार आणले होते. मला आज कळतंय.


संत्रा बाग (वरुड)

कापसाचं चाललंय, पण आमचंही ऐका. आमची मंदी अमेरिकेतून नाही, बांगलादेशातून आली.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड इकडची संत्री वर्षानुवर्षं ट्रक भरून बांगलादेशात जायची. बारीक फळही तिकडे खपायचं. त्यांनी आयात शुल्क वर्षागणिक चढवत नेलं. पुढे युक्रेन युद्धानंतर तेल-गॅस महाग झाला, त्यांच्याकडचे डॉलर आटले, २०२३ च्या जानेवारीत त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. ज्या देशाला तेल घ्यायला डॉलर पुरत नाहीत तो संत्र्यावर कशाला घालवेल? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण इकडे माझ्या बागेत आंबिया बहाराचं फळ तोडून झालेलं, व्यापारी इसार देऊन गेलेला, आणि एका रात्रीत फोन बंद. इसार बुडाला तर बुडाला, उरलेला माल तो उचलेना. पाचशे क्रेट फळ धुऱ्यावर ओतलं. चार दिवस वावरात आंबूस वास होता, जनावरंही तोंड लावेनात.

कापसालाही हे लागू आहे. आपल्या कापसाचं आणि सुताचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच आहे. गरीब शेजारी अडचणीत आला की त्याची झळ आपल्याला श्रीमंताच्या मंदीपेक्षा आधी लागते.


पुण्यातला यवतमाळकर

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाबांच्या "आपण कुठं नोकरीवर हाओत" वर लिहावंसं वाटलं. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतून कोणीतरी पुणे, हैदराबाद, सुरत, बुटीबोरी इथे आहेच. गाव नोकरीवर नाही, पण गावाचा पीककर्जाचा हप्ता नोकरीवर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं काम थांबवलं, मी चार महिने बिनकामाचा बसून होतो आणि नोकरी जाईल या धास्तीनं घरी पैसे पाठवणं बंद केलं. त्याच वर्षी घरच्या कापसाचा भाव पडला. दोन्ही एकाच वेळी.


जुना ग्रेडर (अकोट)

एकाधिकाराचं कोणीतरी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. पणन महासंघात ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ ला सुरू झाली आणि तीस वर्षं चालली. चुकारे उशिरा, ग्रेडवरून भांडणं, शेजारच्या राज्यात चोरून जाणारा माल, सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, तिचं गुणगान करायला आलेलो नाही. पण बाहेरचा भाव कितीही हलला तरी हंगामाच्या सुरुवातीला कास्तकाराला एक आकडा ठाऊक असायचा. २००१-०२ ला जगाचा भाव चाळीस सेंटच्या खाली गेला तेव्हा योजनेचा तोटा फुगून ती मोडकळीला आली. त्या वर्षांत अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना भरघोस अनुदान देत होती. ब्राझील त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. तिकडचा शेतकरी पडलेल्या भावातही पेरत राहिला, कारण भाव त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. आपला संरक्षणाशिवाय उभा राहिला. त्यानंतरची शेतकरी आत्महत्यांची वर्षं विदर्भातल्या या सहा जिल्ह्यांत कशी गेली ते मी इथे लिहीत नाही, ती घरं आपल्याला माहीत आहेत.

धुऱ्यावरून यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. तेजी मारते, पण ती पूर्ण आपल्या हातात कुठे येते? २०१० ला भाव चढायला लागला, सरकारनं निर्यात ५५ लाख गाठींवर अडवली. मार्च २०१२ ला तर निर्यातबंदीच केली. २०२१ ला सोयाबीन दहा हजाराकडे गेलं तर १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी, आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद. २०२२ ला कापूस चढला तर ११ टक्के आयात शुल्क माफ. आणि २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापडावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा कापड उद्योगाला आधार म्हणून पुन्हा तेच शुल्क माफ, ऐन नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. उद्योग जगला पाहिजे हे मलाही समजतं, सूतगिरणी बंद पडली तर रुई कोण घेणार. पण तेजीवर झाकण घालायला एक परिपत्रक पुरतं आणि पडत्या भावाला टेकू द्यायला तीन महिने लागतात. चढताना कापून घेतलेलं उतरताना परत मिळालं असतं तर तुमच्या खोलीत जूनपर्यंत कापूस राहिला नसता.

टेकू वेळेवर मिळाला तर काय होतं तेही पाहिलंय. २००८. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ही बडी बँक बुडाली, जगभर रुईचा भाव कोसळला. त्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आधीच २,०३० वरून ३,००० केलेला होता. केंद्र सरकारच्या कापूस महामंडळानं अफाट खरेदी केली, आमची केंद्रं रात्री दहापर्यंत चालायची, बंड्यांची रांग अकोट रस्त्यावर दीड किलोमीटर. जगाच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या एका मोठ्या मंदीत वऱ्हाडातल्या कास्तकाराला आदल्या वर्षापेक्षा जास्त भाव मिळाला. हे घडलेलं आहे, म्हणून पुन्हा घडू शकतं. त्याच वर्षीच्या कर्जमाफीचं मात्र तसं झालं नाही. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, आणि आपल्या कोरडवाहू भागात पाच-सात एकरांचा माणूसही गरीबच असतो. तो पूर्ण माफीच्या बाहेर राहिला.


मास्तर (वर्धा)

ग्रेडर साहेबांनी दाखवलेला फरकच श्रीमंत आणि विकसनशील देशांतला फरक आहे. अमेरिकेत मंदी आली की बेकार भत्ता आपोआप सुरू होतो, जर्मनीत कामाचे तास कमी झाले तर पगाराचा काही भाग सरकार भरतं. २०२० मध्ये अमेरिकेनं बहुतेक प्रौढांना १,२०० डॉलर पाठवले. हे सगळं कर्ज काढून, आणि ते कर्ज त्यांच्या स्वतःच्याच चलनात. आपणही फुकट धान्य दिलं, जनधन खात्यात बायांना ५०० रुपये तीन महिने दिले, रोजगार हमीवर त्या वर्षी ११ कोटींच्या आसपास माणसं आली. पण आपल्याला हात आखडता घ्यावा लागतो, कारण तेल डॉलरमध्ये घ्यायचं असतं.

आणि त्यांचा उपाय हाच आपला आजार होऊ शकतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेनं महागाई आवरायला व्याज वीस टक्क्यांजवळ नेलं, १९८२ ला मेक्सिकोनं परदेशी कर्ज फेडण्याबाबत हात वर केले, लॅटिन अमेरिकेचं दशक वाया गेलं. २०२२-२३ ला त्यांनी व्याज शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेलं. डॉलर तिकडे ओढला गेला, रुपया वर्षभरात ७४ वरून ८३ जवळ आला. श्रीलंकेनं तर एप्रिल २०२२ मध्येच परदेशी कर्ज फेडणं थांबवलं होतं. धुऱ्यावरून, तुमचा कापूस खोलीत होता त्याच महिन्यांत हे चालू होतं. व्याज चढलं म्हणून गिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी साठा करणं थांबवलं, लागेल तेवढाच माल उचलला. सगळे कास्तकार वाट बघत बसले, आणि घेणाऱ्याला घाई नव्हती.


कास्तकार७२ (दारव्हा)

म्हंजे आमच्या गोठ्यातल्या कापसाले तिकडचं व्याज लागलं. बराबर हाय का?


मास्तर (वर्धा)

बरोबर.


धुऱ्यावरून

सगळ्यांचे आभार. माझं मत बदललंय असं नाही, पण भर पडली. तेजी मारते ती एकटी नाही. तिच्यावर झाकण येतं, पडताना टेकू येत नाही, आणि मधल्या काळात घरातली बाई ओढत राहते. यातलं माझ्या हातात शेवटचं तेवढं आहे.

यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामाचं आम्ही दोघांनी बसून ठरवलं. सगळा माल एकदम रोखायचा नाही आणि एकदम विकायचाही नाही. पहिल्या वेचणीचा माल निघाला की लगेच विकून उधारी आणि हप्ते मोकळे करायचे. दुसरा भाग सरकारी खरेदीला, या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आहे, ॲपवर नोंदणी आणि पीकपेरा दोन्ही झालंय. राहिलेला एक भाग थांबवू, तोही मार्चपर्यंतच, आणि गोठ्यात. सोयाबीन बाजारात ५,३२८ च्या हमीभावापेक्षा बरंच खाली चाललंय, ते बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवायचं बघतोय. सहा टक्के व्याजानं किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत उचल मिळते असं कळलं. कोणी घेतली असेल तर लिहा.

परवा सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा आहे. पहिली वेचणी त्या दिवशीच. ताई, वेचाई दहा रुपये ठरली आहे आणि रोजच्या रोज संध्याकाळी द्यायची.


जिनिंगवाला (हिंगणघाट)

ग्रेडर साहेब सांगतीलच, तरी मी आधी सांगतो. सरकारी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर मालच घेत नाहीत. दव असताना वेचलेला कापूस त्याच दिवशी पोत्यात भरू नका. दोन ऊन द्या, मग भरा.


बचतगटाची ताई (आर्णी)

दादा, बायांना सातऐवजी नऊला बोलवा. तोवर दव उतरतं.